वडणग्याचा गोठा, बंद राउटर आणि आतून उघडलेली वाट: प्रकल्प नोंदी

२२ जून

आजपासून नोंदी ठेवतेय. काम एकच आहे. कोल्हापूरजवळच्या वडणग्यातल्या तात्यांच्या गोठ्याचं चित्र रात्री-अपरात्री कोल्हापुरात राजारामपुरीत माझ्या फोनवर आणि पुण्यात चुलतभावाच्या फोनवर दिसलं पाहिजे. ते नीट दिसलं पाहिजे आणि बंद पडलं तर आम्हाला लगेच कळलं पाहिजे.

मुदत म्हशीने ठरवून दिली आहे. पंढरपुरी म्हशीला २० सप्टेंबरला रेतन केलं होतं. म्हशीचा गाभणकाळ साधारण ३१० दिवसांचा, म्हणजे २७ जुलैच्या आसपास. चार-पाच दिवस मागे-पुढे होतातच. तेव्हा २० जुलैच्या आत सगळं चालू हवं.

गेल्या वर्षी हीच म्हैस पहिल्या वेताला पहाटे कधीतरी व्यायला लागली. रेडकू उलटं होतं, मागचे पाय आधी आले. तात्या पाचला धारेला उठले तेव्हा ते अर्धं बाहेर येऊन मेलेलं होतं. म्हैस वाचली. "वाईच आधी कळलं असतं तर वाचलं असतं की गं," असं तात्या अजून म्हणतात. घरापासून गोठा चाळीस पावलांवर आहे, पण तात्यांना ऐकू कमी येतं आणि एकाहत्तराव्या वर्षी सलग आठ रात्री गोठ्यात जागणं त्यांना झेपणारं नाही. आम्ही भावंडं मात्र पाळ्या लावून फोनवर बघू शकतो.

ॲपवाला तयार कॅमेरा का नाही, हे भावाने विचारलं. तसा एक होता. दीड वर्ष चालला, मग कंपनीने त्या मॉडेलची सेवाच बंद केली आणि चांगला कॅमेरा भिंतीवरची खुंटी होऊन बसला. त्यामुळे आता साधा वायरवाला आयपी कॅमेरा घेतलाय. अंधारात इन्फ्रारेडने बघतो, आरटीएसपी या व्हिडिओ पाठवायच्या पद्धतीने चित्र देतो आणि कुठल्याही कंपनीच्या परवानगीची त्याला गरज नाही. पोचण्याची वाट मात्र आपली आपण करायची.

२४ जून

वडणग्याला जाऊन आले. कॅमेरा तुळईला बसवला, वायर ओढून घरातल्या राउटरपर्यंत आणली. त्याच घरात बसून फोनवर चित्र लगेच दिसलं. आता तेच बाहेरून.

राउटर म्हणजे केबलवाल्यांनी फायबरबरोबर दिलेला काळा डबा. फायबरचा ओएनटी (फायबरमधला प्रकाशाचा सिग्नल बदलून देणारं यंत्र) आणि वायफाय एकाच खोक्यात. खालच्या चिठ्ठीवरच्या पासवर्डने आत गेले तर वायफायचं नाव बदलणं आणि कोण जोडलंय ते बघणं, एवढंच. पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली जोडणी घरातल्या यंत्राकडे वळवणं) नाही, फायरवॉलचं (कोणाला आत सोडायचं ते ठरवणाऱ्या पहाऱ्याचं) सेटिंग नाही, घरातल्या पत्त्यांचा पट्टा बदलायची सोयही नाही. त्या सगळ्याचा पासवर्ड ऑपरेटरकडे. ते त्यांच्या ऑफिसातून टीआर-०६९ नावाच्या पद्धतीने असे शेकडो डबे सांभाळतात.

अशा डब्यांचे ऑपरेटरचे पासवर्ड लोक एकमेकांना सांगत असतात. मी त्या वाटेला गेले नाही. डबा त्यांचा आहे, उद्या त्यांनी सेटिंग पुन्हा ढकललं की आपलं केलेलं पुसलं जाणार, आणि तेही नेमकं कुठल्या रात्री ते सांगता येत नाही. रीतसर फोन केला. उद्या माणूस पाठवतो म्हणाले.

२६ जून

केबलवाल्यांचा मुलगा आला. चांगला होता, काकूंच्या हातचा चहा घेऊन नीट बसला. त्याने ऑफिसला फोन लावून ५५४ पोर्ट, म्हणजे आरटीएसपीच्या दाराचा क्रमांक, कॅमेऱ्याकडे वळवून घेतला. मी मोबाइल डेटावर बाहेरून बघितलं. काही नाही.

मग राउटरच्या माहितीच्या पानावर बाहेरचा पत्ता बघितला: १०० ने सुरू होणारा, पुढे ७२. 'माझा आयपी कोणता' सांगणाऱ्या साइटवर वेगळाच पत्ता. तिथेच उलगडा झाला. हे सीजीनॅट आहे.

भावासाठी सविस्तर लिहून ठेवते. घरातल्या राउटरमागे जसे दहा फोन एकाच बाहेरच्या पत्त्यावर चालतात (याला नॅट म्हणतात), तसं ऑपरेटरच्या मोठ्या यंत्रामागे शेकडो घरं एका बाहेरच्या पत्त्यावर चालतात. आयपीव्ही४ चा पत्ता ३२ बिटांचा, म्हणजे सगळे मिळून सुमारे ४२९ कोटी, आणि त्यातलेही सगळे वापरता येत नाहीत. आशिया-प्रशांत भागाला पत्ते वाटणाऱ्या एपनिककडचा साठा १५ एप्रिल २०११ रोजी शेवटच्या गठ्ठ्यावर आला, तेव्हापासून काटकसरीनेच वाटप चालू आहे. एप्रिल २०१२ मध्ये आरएफसी ६५९८ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजाने ऑपरेटरांच्या या आतल्या कामासाठी १००.६४.०.० पासून १००.१२७.२५५.२५५ पर्यंतचा पट्टा राखून ठेवला. राउटरवर या पट्ट्यातला पत्ता दिसला की घरात कितीही पोर्ट उघडा, बाहेरचा माणूस दारापर्यंतच येत नाही, कारण रस्त्यावरचं मोठं फाटक आपल्या हातात नाही.

त्या मुलाला हे दाखवलं. त्यालाही पटलं. स्वतंत्र पत्ता हवा तर महिन्याच्या भाड्याएवढेच आणखी पैसे आणि धंद्याचं कनेक्शन घ्यावं लागेल, असं ऑफिसने सांगितलं. चार म्हशींच्या गोठ्याला ते परवडत नाही.

केलेलं फॉरवर्डिंग मी त्याला काढूनच टाकायला लावलं. चाललं असतं तरी कॅमेरा असा जगासमोर उघडा ठेवायला नकोच होता. २०१६ मध्ये मिराई नावाच्या किड्याने कारखान्यातून आलेले पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि डीव्हीआर शोधून ताब्यात घेतले. त्या फौजेने ऑक्टोबरात डाइन (Dyn) कंपनीच्या डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणाऱ्या सेवेवर हल्ला केला, तेव्हा ट्विटर आणि नेटफ्लिक्ससारख्या साइट काही तास कितीतरी लोकांना उघडत नव्हत्या. घरोघरच्या छोट्या यंत्रांनी ते घडवलं होतं.

२९ जून

आज उरलेल्या वाटा तपासल्या.

यूपीएनपी (यंत्राने राउटरकडून स्वतःच पोर्ट उघडून घ्यायची सोय): चालू आहे. पोर्ट उघडला असं राउटर सांगतो, पण तो उघडतो आपल्याच दारावर. मोठं फाटक तसंच बंद.

ब्रिज मोड (त्यांचा डबा नुसता पुढे पाठवणारा) करून स्वतःचा राउटर: कुलूप सुटेल, सीजीनॅट सुटणार नाही. शिवाय ऑपरेटर घरगुती कनेक्शनला देत नाही.

आयपीव्ही६: इथे आशा होती. पत्ता १२८ बिटांचा, त्यामुळे टंचाई नाही आणि नॅटही लागत नाही. कॅमेऱ्याला २ ने सुरू होणारा खरा जागतिक पत्ता मिळालेला दिसतोय. गोठ्यातून बाहेर जाणं मस्त चालतं. बाहेरून आत येताना राउटरची फायरवॉल अडवते, जे योग्यच आहे, पण एका यंत्रापुरती फट ठेवायची सोय पुन्हा ऑपरेटरच्या पासवर्डामागे. आणि राजारामपुरीतल्या माझ्या घरी आयपीव्ही६ अजून आलेलंच नाही. म्हणजे ही वाट अर्धीच आहे.

संध्याकाळी तात्यांना समजावताना मलाच नीट कळलं. तात्यांच्या जुन्या फोनला एकदा इनकमिंग बंद झालं होतं, पण त्यांनी लावलेला फोन मात्र लागायचा, आणि एकदा लागला की दोन्हीकडून बोलता यायचं. "मग गोठ्यालाच फोन लावूं दे की," तात्या म्हणाले. तेच करायचं आहे. बाहेर एक ठिकाण असं हवं की ज्याचा पत्ता कायम ठरलेला आहे. गोठा तिथे स्वतः जोडणार आणि जोडलेला राहणार. आम्हीही तिथेच जोडणार.

१ जुलै

मुंबईतल्या डेटा सेंटरमधला सर्वांत लहान सर्व्हर भाड्याने घेतला. गोठ्यात, म्हणजे खरं तर घरातल्या राउटरशेजारी, जुना रास्पबेरी पाय ४ हा छोटा संगणक ठेवला (पुढे नुसतं 'पाय'). ऑपरेटरला फोन करून विचारलं की घरच्या कॅमेऱ्यासाठी बाहेर जाणारं व्हीपीएन (इंटरनेटमधून जाणारा आपला खाजगी बोगदा) वापरलं तर चालेल का. चालेल म्हणाले. हे विचारून ठेवलेलं बरं.

सुरुवात एसएसएच या दुरून सुरक्षित लॉगिन करायच्या पद्धतीच्या उलट्या बोगद्याने. पाय सर्व्हरवर एसएसएचने जातो आणि सांगतो, तुझ्या अमुक पोर्टवर कोणी आलं तर ते माझ्याकडे पाठव. वीस मिनिटांत चालू झालं. राजारामपुरीत बसून पहिल्यांदा म्हैस रवंथ करताना बघितली. आईला दाखवली. ती बराच वेळ फोन हातात घेऊन बसली होती, माहेरचा गोठा असल्यासारखी.

३ जुलै

काल रात्री दीडला चित्र गेलं, सकाळपर्यंत आलं नाही. दोन कारणं निघाली. एक, रात्री कोणी बघत नव्हतं तेव्हा बोगदा रिकामा होता आणि मधल्या कुठल्यातरी नॅटने निजलेली जोडणी विसरून टाकली. दोन, पायने पुन्हा जोडायचा प्रयत्न केला तेव्हा सर्व्हरवर जुनी मेलेली जोडणी पोर्ट अडवून बसली होती. नवीन जोडणी लागली, पण पोर्टाशिवाय, म्हणून पायला वाटत राहिलं सगळं ठीक आहे.

जोडणी जागी ठेवणारी ठोक दोन्ही बाजूंना ३० सेकंदांवर लावली: पायवर सर्व्हर अलाइव्ह इंटरव्हल, सर्व्हरवर क्लायंट अलाइव्ह इंटरव्हल. पोर्ट मिळाला नाही तर जोडणीच तोडून पुन्हा प्रयत्न कर, असं एक्झिट ऑन फॉरवर्ड फेल्युअरने सांगितलं. बोगदा पडला तर सिस्टमडी (पायवरच्या सेवा चालू ठेवणारा प्रोग्राम) दर दहा सेकंदांनी उठवेल.

५ जुलै

बोगदा टिकतोय, पण पावसाचा जोर वाढला की चित्र अडखळतं. एसएसएच टीसीपीवर (सगळं क्रमाने आणि पूर्ण पोचवणाऱ्या पद्धतीवर) चालतं आणि त्याच्या पोटात व्हिडिओही टीसीपीवर. एक पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) हरवलं की ते परत येईपर्यंत मागचं सगळं खोळंबतं, आणि मग साचलेलं एकदम धावत येतं. म्हैस आठ सेकंद दगडासारखी उभी आणि मग अचानक बसलेली. जिथे ती किती वेळा उठते-बसते हेच बघायचं आहे तिथे हे उपयोगाचं नाही.

वायरगार्ड या व्हीपीएनवर जायचं ठरवलं. ते यूडीपीवर चालतं, हरवलेल्या पॅकेटसाठी रांग थांबवत नाही. मार्च २०२० मध्ये लिनक्स ५.६ पासून ते कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे, त्यामुळे पायवर वेगळं काही बसवायचा त्रास नाही.

६ जुलै

वायरगार्ड उभं केलं. सर्व्हर १०.२०.३०.१, गोठा १०.२०.३०.२, माझा फोन ११, भावाचा १२. प्रत्येकाला वेगळी किल्ली. एखाद्याचा फोन हरवला तर सर्व्हरवरून त्याची एक ओळ काढली की झालं.

वडणग्यातलं घर आणि माझं घर दोन्हीकडे १९२.१६८.१ चाच पट्टा आहे, आणि तिकडचा बदलता येत नाही. म्हणून कॅमेऱ्याचा पत्ता बोगद्यातून दाखवण्याच्या भानगडीत पडले नाही. पाय स्वतः कॅमेऱ्याकडून चित्र घेतो आणि आपल्या बोगद्यातल्या पत्त्यावर पुढे देतो. सर्व्हरवर एका फोनकडून गोठ्याकडे पॅकेट पुढे जाण्यासाठी आयपी फॉरवर्डिंग चालू करावं लागलं, ते आधी विसरले होते.

रात्री दहाला चालू होतं. साडेदहाला बंद. फोनवरून कितीही हाका मारा, उत्तर नाही. मग काकूंनी तिकडून पायची वायर काढून लावली की पुन्हा चालू.

७ जुलै

कालचं कारण सापडलं. पर्सिस्टंट कीपअलाइव्ह २५ मी सर्व्हरच्या फाइलमध्ये लिहिलं होतं, गोठ्याच्या फाइलमध्ये नाही. वाट आतून बाहेर उघडते, तर ती उघडी ठेवायची ठोकही आतूनच मारली पाहिजे. राउटरच्या आठवणीतली नोंद एकदा पुसली गेली की सर्व्हरने बाहेरून कितीही ठोठावलं तरी ते अनोळखीच. आता गोठा दर २५ सेकंदांनी रिकामं पॅकेट पाठवतो.

२५ च का, तर यूडीपीची निजलेली नोंद किमान २ मिनिटं ठेवावी असं जानेवारी २००७ च्या आरएफसी ४७८७ मध्ये सांगितलं आहे, पण घरगुती राउटर ते पाळतीलच असं नाही. कित्येक ३० सेकंदांतच विसरतात. त्याच्या आत एक ठोक बसली पाहिजे.

९ जुलै

आता वेगळाच प्रकार. बोगदा जोडलेला, पिंगला (छोट्या चाचणी-हाकेला) उत्तर येतंय, पायवर लॉगिन होतं, पण लांबलचक यादी मागवली की पडदा गोठतो आणि व्हिडिओ सुरूच होत नाही. छोटं जातं, मोठं अडकतं. असं दिसलं की एमटीयूकडे, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराकडे बघायचं.

तुकडे करू नको अशी खूण लावून वेगवेगळ्या आकाराचे पिंग पाठवले. ठरावीक आकाराच्या वर एकही परत आलं नाही. हिशोब असा. साध्या इथरनेटवर १५०० बाइटचं पॅकेट जातं. केबलवाले जोडणीसाठी पीपीपीओई ही पद्धत वापरतात, त्यात ८ जातात, उरले १४९२. वायरगार्ड स्वतःसाठी आयपीव्ही४ वर ६० आणि आयपीव्ही६ वर ८० बाइट घेतं, म्हणून त्याचा ठरलेला आकडा १५०० वजा ८०, म्हणजे १४२०. आयपीव्ही४ वरून गेलं असतं तर १४९२ मधून ६० जाऊन १४३२ उरले असते आणि १४२० सुखाने मावलं असतं. पण माझ्या सर्व्हरच्या नावाला आयपीव्ही६ चा पत्ताही आहे, आणि गोठ्याने तोच उचलला. १४९२ वजा ८० म्हणजे १४१२. आठ बाइटनी घोटाळा.

आयपीव्ही६ मध्ये वाटेतला राउटर पॅकेटचे तुकडे करत नाही, 'मोठं आहे' अशी सूचना मागे पाठवतो. ती सूचना वाटेत कुठेतरी गळत होती. एसएसएचच्या बोगद्याला हा त्रास का झाला नाही, तर टीसीपी जोडणी सुरू होतानाच राउटर आकार कमी करून ठेवतो. यूडीपीला तसा कोणी सांगणारा नसतो.

दोन्ही टोकांना एमटीयू १४०० केला. व्हिडिओ लगेच सुरू झाला.

१० जुलै

डेटाचा हिशोब. कॅमेऱ्याचा मोठा प्रवाह सेकंदाला सुमारे २ मेगाबिट, दिवसभर चालला तर २१ जीबीच्या वर. छोटा प्रवाह अर्धा मेगाबिट, दिवसाला साडेपाच जीबीच्या आत. रात्रभर छोटा, शंका आली की मोठा, असं ठरलं. कोणी बघत नसेल तेव्हा काहीच पाठवायचं नाही.

सर्व्हरवर बाहेरून फक्त वायरगार्डचा ५१८२० आणि किल्लीने उघडणारं एसएसएच, बाकी सगळं बंद. ५५४ जगाला कुठेच दिसत नाही.

भावाने टेलस्केल ही तयार सेवाही सुचवली होती, ते एका संध्याकाळी लावून बघितलं. तेही आतून वायरगार्डच आहे. दोन नॅटमागच्या यंत्रांना थेट भेटवायचा प्रयत्न करतं, नाही जमलं तर आपल्या मधल्या सर्व्हरवरून पाठवतं. माझ्या घरून थेट जमलं, मोबाइल डेटावर बहुतेक वेळा मधल्या सर्व्हरवरून गेलं. ज्याला भाड्याचा सर्व्हर सांभाळायचा नाही त्याने खुशाल तेच घ्यावं. एक मात्र लक्षात ठेवायचं: ते आपल्या यंत्रांना पत्ते देतं तेही १०० च्या त्याच पट्ट्यातले. राउटरवर सीजीनॅट आहे का हे तपासताना कुठला १०० बघतोय याचं भान हवं. मी माझ्या सर्व्हरवरच राहिले, कारण आधीच्या कॅमेऱ्याचं झालं ते मला पुन्हा नको आहे.

१३ जुलै

दुपारपासून धो धो पाऊस. रात्री ८ वाजून ५० मिनिटांनी वडणग्यात लाइट गेली. १० वाजून ५ मिनिटांनी आली, तात्यांनी फोन करून सांगितलं. राउटर उठला, तात्यांच्या फोनवर इंटरनेट चालू, पण गोठा काही जोडेना. मी इकडून सर्व्हरच्या नोंदी बघतेय तर गोठ्याकडून हाका येतायत आणि सर्व्हर त्यांना उत्तरच देत नाही. किल्ल्या त्याच, पत्ता तोच. मग १० वाजून ३८ मिनिटांनी, कोणी काही न करता, सगळं आपोआप जोडलं गेलं.

आपोआप बरं झालेलं दुखणं मला नको. म्हैस त्या ३३ मिनिटांत व्याली असती तर?

१४ जुलै

रविवार सगळा यातच गेला, पण कोडं सुटलं. हे सविस्तर लिहून ठेवते, कारण एवढं नेमकं मला कुठे सापडलं नव्हतं.

पायच्या नोंदींत वेळ बघितली. लाइट आल्यावर तो उठला तेव्हा त्याच्या मते रात्रीचे ८ वाजून १७ मिनिटं झाली होती. मग त्याच्या घड्याळात ८ वाजून ५० होईपर्यंत नोंदी सरळ चालतात आणि पुढची ओळ एकदम १० वाजून ३८.

रास्पबेरी पाय ४ ला बॅटरीवर चालणारं घड्याळ नाही. तो तासातून एकदा वेळ फाइलमध्ये लिहून ठेवतो आणि उठल्यावर तिथून सुरुवात करतो. शेवटची वेळ ८ वाजून १७ ला लिहिली होती. आता वायरगार्डची बाजू. हात मिळवताना, म्हणजे जोडणी सुरू करताना, पहिल्या निरोपात वेळेचा शिक्का असतो. सर्व्हर प्रत्येक किल्लीचा सर्वांत नवा शिक्का लक्षात ठेवतो आणि त्याहून जुन्या शिक्क्याचा निरोप सरळ टाकून देतो, म्हणजे कोणी जुना निरोप चोरून पुन्हा पाठवला तर फसायला नको. गोठ्याचा शेवटचा खरा शिक्का लाइट जायच्या जरा आधीचा, ८ वाजून ४९ चा होता. म्हणून पायचं मागे पडलेलं घड्याळ ८:४९ च्या पुढे सरकेपर्यंत, म्हणजे जवळपास ३३ मिनिटं, सर्व्हरने त्याला ओळख दिली नाही. सर्व्हर बरोबर वागला.

मग पायने इंटरनेटवरून वेळ का जुळवून घेतली नाही? ती चूक माझी. चाचणीच्या वेळी मी गोठ्याच्या फाइलमध्ये सगळी वाहतूक बोगद्यातून पाठव असं लिहिलं होतं आणि ते तसंच राहिलं. वेळ विचारणारी पॅकेटंही बोगद्यात शिरत होती. बोगदा वेळेअभावी बंद आणि वेळ बोगद्याअभावी मिळेना.

दुरुस्त्या: अलाउड आयपीजमध्ये (बोगद्यातून कुठल्या पत्त्यांकडे जायचं त्या यादीत) फक्त १०.२०.३० चा पट्टा ठेवला, बाकी वाहतूक सरळ बाहेर जाईल. पायला डीएस३२३१ हे बॅटरीवालं घड्याळ जोडायचं. आणि लाइटच जाऊ नये म्हणून राउटर, पाय आणि कॅमेरा तिघांना मिळून लहान यूपीएस.

१७ जुलै

घड्याळ आणि यूपीएस दोन्ही बसले. राउटर आणि कॅमेरा १२ व्होल्टवर, पाय ५ वर, एकाच डब्यातून निघतं. तात्यांनी मेन स्विच बंद करून दोन तास गप्पा मारल्या. चित्र एकदाही गेलं नाही. मग सगळंच बंद करून अर्ध्या तासाने चालू केलं. दीड मिनिटात जोडलं.

सर्व्हरवर छोटी तपासणी लावली: गोठ्याशी शेवटचा हात मिळवून ३ मिनिटं उलटली तर आम्हा दोघांना निरोप. वायरगार्ड साधारण दर दोन मिनिटांनी पुन्हा हात मिळवतं, त्यामुळे तीन मिनिटांची शांतता म्हणजे काहीतरी बिघडलंय.

२३ जुलै

तात्यांचा फोन. कास तटतटलीय, सड चकचकीत दिसतायत, शेपटीच्या मुळाशी दोन्ही बाजूंना खळगे पडलेत. आजपासून पाळ्या. रात्री अकरा ते दोन मी, दोन ते पाच भाऊ, पाचला तात्या स्वतः उठतातच. पंचगंगेचं पाणीही चढतंय. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात नदीपलीकडे जाणं बंद झालं होतं, म्हणून डॉक्टरांना आजच सांगून ठेवलं. त्यांचं घर नदीच्या वडणग्याच्याच बाजूला आहे.

२६ जुलै, पहाट

पाळी माझी होती आणि संपत आली होती. दीडपासून म्हैस सारखी उठत-बसत होती, शेपूट वर धरलेलं. मोठा प्रवाह लावला. २ वाजून १० मिनिटांनी पाणमोट दिसली. तात्यांना फोन केला. दोनदा वाजला, तिसऱ्यांदा काकूंनी उचलला. दोन मिनिटांत गोठ्यातला दिवा लागला आणि चित्र रंगीत झालं.

कॅमेरा वरून बघतो, म्हशीची पाठ दिसते, मागची बाजू नीट दिसत नाही. फोनवरच विचारत राहिले. "पाय कसे हायत, तात्या? खुरांचे तळवे खाली का वर?"

"खाली हायत. नाक बी दिसतंय पायावर. सरळ हाय, पोरी."

तळवे खाली आणि त्यावर नाक म्हणजे रेडकू सरळ येतंय. डॉक्टरांना उठवलं नाही, पण फोन हातातच ठेवला. म्हैस दोनदा जोर करून थांबली तेव्हा तात्या नुसते तिच्या पाठीवर हात ठेवून बसले. २ वाजून ५५ मिनिटांनी रेडकू बाहेर. पारडी. काकूंनी नाकातोंडातला चिकटा पुसला, म्हशीने चाटायला सुरुवात केली. भाऊ पुण्याहून बघत होता, त्याच्या बाजूने फक्त रडण्याचा आवाज येत होता. सव्वाचारला पारडी स्वतःच्या पायावर उभी राहून चीक प्याली.

बोगदा रात्री अकरापासून एकदाही तुटला नाही.

२६ जुलै, संध्याकाळ

जार सकाळी दहाला पडली, पूर्ण. पारडी दोनदा प्याली. तिच्या कपाळावर पांढरा ठिपका आहे, तो रात्रीच्या चित्रात दिसला नव्हता.

३० जुलै

शेजारच्या आबांच्या दोन म्हशी सप्टेंबरात व्यायच्या आहेत. ते कॅमेरा बघायला आले आणि आपल्या घरचा राउटरही दाखवला. डबा वेगळा, ऑपरेटर वेगळा, माहितीच्या पानावर पत्ता पुन्हा १०० नेच सुरू होणारा, पुढे ९१. त्यांच्यासाठी १०.२०.३०.३ राखून ठेवला आणि वेगळी किल्ली केली. त्यांचा गोठा त्यांनाच दिसावा आणि आमचा आम्हाला, म्हणून सर्व्हरच्या फायरवॉलमध्ये कोणत्या फोनने कुठे जायचं ते आता लिहून काढतेय.

२ ऑगस्ट

पुढची कामं: आमच्या कॅमेऱ्याची जागा बदलायची. तुळईवरून काढून मागच्या भिंतीला, छातीच्या उंचीवर, म्हशीच्या मागून तिरका, म्हणजे पुढच्या वेळी खुरांचे तळवे मलाच दिसतील. शेणाचे शिंतोडे उडतात म्हणून पुढे काच. तात्यांनी भिंतीत खुंटी ठोकून ठेवली आहे. येत्या रविवारी वायर ओढायची.